नाताळच्या बाजारांची ट्रिप (न्यूरेंबर्ग, ड्रेस्डेन, प्राग, व्हिएन्ना): प्लॅन तपासून द्या प्लीज

पावशेर_पर्यटक
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं घरात चाललंय की एकदा युरोपातले ते ख्रिसमस मार्केट बघायचे, लाकडी टपऱ्या, दिव्यांच्या माळा, धूर निघणारे मग वगैरे. रील्स बघून बघून बायकोने आता अल्टिमेटमच दिलाय, त्यामुळे यंदा म्हणजे डिसेंबर २०२६ ला जमवतोय. आम्ही पाच जण. मी, बायको, चौथीतला मुलगा आणि सासू-सासरे (दोघं सत्तरीच्या आसपास, चालतात व्यवस्थित, पण सासूबाई पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. सासऱ्यांना सगळं चालतं, सासूबाई बघत नसतील तर).
मुलाच्या शाळेला २४ पासून सुट्टी लागते म्हणून प्लॅन असा केलाय: २३ ला रात्री मुंबईहून फ्लाईट, २४ ला फ्रँकफर्टला उतरून तिथून स्ट्रासबुर्ग. २५ ला म्हणजे ऐन नाताळच्या दिवशी न्यूरेंबर्ग कारण सगळे म्हणतात तिथलंच सगळ्यात फेमस. २६ ड्रेस्डेन, २७-२८ प्राग, २९ ते ३१ व्हिएन्ना, १ ला परतीचं विमान.
प्रश्न: थंडी झेपेल का, सासूबाई काय खातील, ट्रेन बरी की गाडी, आणि काही राहिलं असेल तर सांगा. जाणकारांनी प्रकाश टाकावा _/\_

माई_स्टुटगार्टवाली
अहो थांबा थांबा, तिकिटं काढली नाहीत ना अजून? काढली नसतील तर देवाची कृपा समजा.
तुम्ही जाल तेव्हा बाजार उठलेला असेल हो! हे बाजार नाताळचे नाहीतच मुळी, नाताळच्या आधीच्या ॲडव्हेंटचे आहेत, म्हणजे नाताळच्या अगोदरचे चार रविवार आणि त्यांच्या मधले आठवडे. न्यूरेंबर्ग आणि ड्रेस्डेन दोन्ही २४ ला दुपारी आवरतात, आमच्या स्टुटगार्टचा तर २३ लाच. स्ट्रासबुर्गही २४ ला संपतं. तुम्ही २५ ला न्यूरेंबर्गच्या चौकात पोचाल तेव्हा टपऱ्या बंद किंवा माणसं फळ्या उचकटताना दिसतील. म्हणजे भाऊबीज झाल्यावर लक्ष्मी रोडला कंदील घ्यायला गेल्यासारखं.
आणि फक्त बाजारच नाही, २४ ला दुपारी दोनच्या सुमारास दुकानं बंद, २५ आणि २६ दोन्ही सार्वजनिक सुट्ट्या, सुपरमार्केटसुद्धा उघडत नाही. सगळे आपापल्या घरी. पाच जण आणि त्यात एक शाकाहारी आजी घेऊन तुम्ही स्टेशनातल्या बेकरीवर जगाल दोन दिवस, मी बघितलंय पाहुण्यांचं.
यंदा पहिला ॲडव्हेंट रविवार २९ नोव्हेंबर, चौथा २० डिसेंबर. बहुतेक बाजार त्या पहिल्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात सुरू होतात (त्याच्या आधीचा रविवार मृतांच्या स्मरणाचा असतो, तो होईपर्यंत गाणी-दिवे लावत नाहीत, निदान जुनी पद्धत तशी. हल्ली काही ठिकाणी तोही नियम मोडतात). तुम्ही काहीही करून २२ च्या आत बघून घ्या.

पावशेर_पर्यटक
बापरे. हे एकाही ट्रॅव्हलवाल्याने सांगितलं नाही! उलट एकाने तर "नाताळ स्पेशल मार्केट टूर, २४ ते ३१" असं कोटेशनच पाठवलंय. माई, तिकिटं नाही काढलेली, फक्त सुट्टी टाकलीय. पण शाळेचं काय करायचं आता?

उंबरठा
शाळा बुडवा. चौथीच आहे हो, दहावी नाही.

गुरुजी_ऑनलाईन
शाळा बुडवा हे किती सहज सांगतात लोक. बऱ्याच शाळांत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात युनिट टेस्ट असतात. आधी शाळेचं कॅलेंडर बघा मग तिकीट.
दुसरा पर्याय म्हणजे तारखा त्याच ठेवून शहरं बदलायची. प्रागचं ओल्ड टाऊन स्क्वेअर ६ जानेवारीपर्यंत चालू असतं, बुडापेस्टचे मोठे दोन (व्होरोश्मार्टी चौक आणि बॅसिलिका म्हणजे मोठ्या चर्चसमोरचा) नवीन वर्षापर्यंत असतात, व्हिएन्नात रथाउसचा (नगरभवनासमोरचा) २६ पर्यंत आणि शोनब्रून राजवाड्यासमोरचा त्याच्याही नंतर चालतो. बर्लिनमध्येही बरेच ३१ पर्यंत असतात. म्हणजे जर्मनीचा दक्षिण भाग सोडून प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट असा त्रिकोण केला तर सुट्टीतच बसतं सगळं. नेमक्या तारखा दरवर्षी त्या त्या शहराच्या साईटवर टाकतात, बुकिंगआधी तिथेच बघा.

माई_स्टुटगार्टवाली
गुरुजींचा त्रिकोण बरोबर आहे, आजिबात वाईट नाही. पण २६ नंतरचा बाजार आणि ॲडव्हेंटमधला बाजार यात फरक असतो, तो कळतो तिथे उभं राहिल्यावर. आधी लोकं स्वतःसाठी आलेली असतात, ऑफिस सुटल्यावर मगभोवती उभे, शाळेचा बँड, चर्चचा कॉयर, आज्या नातवंडांना घेऊन. नंतर उरतात टूरिस्ट आणि टूरिस्टसाठी ठेवलेल्या टपऱ्या. प्राग तर तसंही बारा महिने टूरिस्टचंच.

तिरकस_कोन
मला एक कळत नाही, एवढं काय आहे त्या बाजारात? मी कोलोनला जाऊन आलो, तिथल्या डोमसमोर म्हणजे मोठ्या चर्चसमोर. गर्दी अशी की मागचा माणूस ढकलतो तिकडे आपण जायचं. पाच टपऱ्या वाईन, पाच टपऱ्या सॉसेज, एक टपरी लोकरीच्या टोप्या, मग परत पाच टपऱ्या वाईन. निम्मा माल चीनचा. घरी येऊन मगाच्या बुडावर पण तेच लिहिलेलं. एक बघितला की सगळे बघून झाले.

रानफूल_लाइपझिग
तिरकस भाऊ, शनिवारी संध्याकाळी गेला होतात ना? कबूल करा :)
वीकेंडला मोठ्या शहरांत जायचंच नाही. आजूबाजूच्या देशांतल्या बसेस येतात भरून. मंगळवार-बुधवार दुपारी तीनला जायचं, तेव्हा गर्दी कमी असते, सव्वाचारच्या सुमारास अंधारायला लागतं, दिवे आपल्यासमोर लागतात, सहापर्यंत खाऊन पिऊन मोकळं. सहानंतर ऑफिसवाले येतात तेव्हा आपण हॉटेलवर.
चिनी मालाबद्दल बोलायचं तर ते आहेच, पण म्हणून खरं काही नाही असं नाही हो. आमच्या सॅक्सनीत एर्त्सगेबिर्ग म्हणून डोंगराळ पट्टा आहे, तिथे चांदी आणि कथलाच्या खाणी होत्या. खाणी आटल्या तसे खाणकामगार लाकडाकडे वळले आणि खेळणी करायला लागले, आज जगभर जे नटक्रॅकर, धुरकरी बाहुले विकतात त्यांचं मूळ इथलं. धुरकरी बाहुला म्हणजे आत धुपाचा छोटा कोन ठेवायचा आणि बाहुल्याच्या तोंडातून धूर येतो. आणि पिरॅमिड. खाली मेणबत्त्या लावल्या की गरम हवा वर जाते, वरचं पात्यांचं चक्र फिरायला लागतं आणि त्याला जोडलेले मजले फिरतात, त्यावर खाणकामगार, मेंढपाळ, तीन राजे गोल गोल. बॅटरी नाही, काही नाही. ड्रेस्डेनच्या बाजारात याचाच एक मोठा मनोरा उभा करतात, १४ मीटरच्या वर.
झायफेन नावाचं गाव आहे तिथे एक प्रकार बघितला तो सांगते. ओलं लाकूड लेथवर फिरवतात आणि पटाशीने खाचा पाडत जातात, बघणाऱ्याला काही कळत नाही काय चाललंय, शेवटी एक कंगोऱ्याची रिंग तयार होते. मग तो माणूस ती रिंग केकसारखी उभी कापतो, आणि प्रत्येक कापातून एक घोडा बाहेर येतो! किंवा गाय किंवा हत्ती. म्हणजे पूर्ण वेळ तो घोड्याची आकृती उलट्या बाजूने, न बघता, अंदाजाने कोरत असतो. माझा मुलगा तिथून हलेना. पोराला घेऊन येताय तर हे दाखवाच, मॉलमधलं खेळणं विसरेल.

तिरकस_कोन
शनिवारच होता. पुढे बोला.

पावशेर_पर्यटक
रानफूल, हे भारी आहे. झायफेन ड्रेस्डेनहून एका दिवसात होतं का? आणि सासूबाईंच्या खाण्याचं कोणीच बोलत नाहीये :(

रानफूल_लाइपझिग
होतं पण ट्रेन थेट नाही, बस बदलावी लागते, सत्तरीच्या लोकांना घेऊन थंडीत बसस्टॉपवर उभं राहायला नको. एक दिवस गाडी घ्या भाड्याने, किंवा ड्रेस्डेनच्या बाजारातच एर्त्सगेबिर्गच्या कारागिरांच्या टपऱ्या असतात तिथे बघा.

खवय्या_पण_शाकाहारी
सासूबाईंचं मी सांगतो, मी स्वतः अंडं न खाणारा आहे आणि तीन-चार देशांत या बाजारांत पोट भरलंय.
नक्की चालणारं: भाजलेले चेस्टनट (कागदाच्या पुडीत गरम गरम, सालं स्वतः काढायची, बोटं भाजतात), साखरेच्या पाकात परतलेले बदाम, मक्याचं कणीस, भाजलेला बटाटा वरून दह्याचा सॉस, आणि मोठ्या कढईत परतलेले मश्रूम. मश्रूम मात्र विचारूनच घ्या, काही ठिकाणी त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात आणि लसणाचा जो पांढरा सॉस वरून ओततात त्यात मेयोनीज म्हणजे अंडं. "सॉस नको" सांगायचं.
फसवं: बटाट्याच्या किसाचे तळलेले पॅनकेक. सगळीकडे मिळतात, सफरचंदाच्या गराबरोबर खातात, कुरकुरीत असतात, दिसतात अगदी निरागस, पण पिठात अंडं घालतात बहुतेक. श्पेट्झले म्हणजे तिथल्या जाडसर शेवयांमध्ये पण अंडं. न्यूरेंबर्गचे लेबकुखन म्हणजे मसाल्याचे केक, त्यातही अंडं. व्हीगनचा बोर्ड असलेली टपरी आता बऱ्याच बाजारांत असते, ती आधी शोधून ठेवा, आजींसाठी तोच सोपा मार्ग.
हंगेरीत लांगोश मिळतो, तळलेली मोठी पोळी, वर लसूण आणि चीज, तो चालून जाईल पण तेल-चरबीचं विचारा. प्रागला जो चिमणीसारखा गोल केक रॉडवर भाजतात तो तिथला पारंपरिक वगैरे सांगतात पण चेक लोकच त्यावर हसतात, हंगेरीकडचा प्रकार आहे तो मूळचा. पीठ कालवताना अंडं असतं.
सासऱ्यांसाठी: न्यूरेंबर्गची सॉसेज बोटाएवढी असतात, तीन एका पावात घालून देतात. सासूबाई चेस्टनट सोलत असतील तेव्हा उरकता येईल.

पावशेर_पर्यटक
हाहा, हा प्रतिसाद सासऱ्यांना वाचून दाखवला, ते म्हणाले या माणसाला भेटलं पाहिजे.

उंबरठा
ग्लूवाईनबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. मी लिहितो, जबाबदारी आहे माझी. लाल वाईन, त्यात दालचिनी, लवंग, संत्र्याची साल, कधी चक्रफूल, साखर, आणि उकळी न आणता गरम करायची. ४-५ युरोच्या आसपास मग, वर मगचं डिपॉझिट वेगळं, मग परत केला की पैसे परत. मग परत नाही केला तर तो तुमचा, चोरी नाही, सगळे तेच करतात, दरवर्षी डिझाईन बदलतं म्हणून लोकं जमवतात. मुलासाठी बिनदारूचा पंच मिळतो, "किंडरपुन्श" सांगायचं, सासूबाईंना पण तोच द्या.
आणि फॉयरत्सांगेनबोले दिसली तर थांबा. पातेल्यावर जाळी, जाळीवर साखरेचा सुळका, तो रममध्ये भिजवून पेटवतात. निळी ज्योत, साखर वितळून थेंब थेंब खाली वाईनमध्ये पडते आणि प्रत्येक थेंबाला चुर्र आवाज. एक मग पुरे. दुसरा घेऊ नका, किंवा घ्या आणि हॉटेलचा पत्ता खिशात लिहून ठेवा.

वसईकर_पोर
धागा छान चाललाय. माई म्हणतायत ते ॲडव्हेंटचं आम्हाला नवीन नाही, आमच्या वसईत पण नाताळच्या आधी चार आठवडे चर्चमध्ये जांभळं कापड, चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा बांधायची तयारी पण तेव्हाच. फरक एवढाच की आमच्याकडे खरी धमाल २४ च्या मध्यरात्रीपासून पुढे, घराघरात फराळ, गोठे बघत फिरणं, आणि तिकडे लोक २४ ला संध्याकाळी दार लावून घरात बसतात.
मी हॅम्बुर्गला होतो काही महिने कामानिमित्त. त्या चार मेणबत्त्यांची प्रथा तिथलीच हे तिथे कळलं. १८३९ मध्ये विखर्न नावाच्या पाद्र्याने गरीब मुलांच्या आश्रमात गाडीचं जुनं चाक घेऊन त्यावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या चार मोठ्या आणि बाकी दिवसांच्या लहान, कारण पोरं रोज विचारायची नाताळ कधी आहे म्हणून. मोठ्या चारच पुढे टिकल्या.
आणि तारा! आमच्या दारात बांबू-कागदाचा तारा लावतो तसाच तिकडे सॅक्सनीतल्या हेर्नहुटचा कागदी तारा असतो, २५ टोकांचा. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत मुलांना भूमिती शिकवायला केला होता म्हणे सुरुवातीला. खूप महाग असतो पण घडी होऊन बॅगेत मावतो. मी एक आणलाय, शेजारच्या काकांनी बघून स्वतःच्या हाताने दुसरा केला, त्यांचा जास्त चांगला झाला.

गुरुजी_ऑनलाईन
ड्रेस्डेनला जाणार असाल तर थोडा इतिहास. तिथला नाताळबाजार, श्ट्रीत्सेलमार्क्ट, १४३४ चा, म्हणजे पुढच्या काही वर्षांत ६०० पूर्ण होतील. सुरुवातीला एका दिवसाचा मांसबाजार होता, उपासाचा काळ संपतानाचा. श्ट्रीत्सेल म्हणजे तिथल्या श्टोलन केकचं जुनं नाव. ॲडव्हेंट हा उपासाचा काळ, त्यामुळे लोणी चालत नसे, केक तेलात करायचे आणि तो बेचव लागायचा. तर सॅक्सनीच्या राजघराण्याने थेट पोपकडे अर्ज केला, आणि १४९१ मध्ये आठव्या इनोसंट पोपने लोणी वापरायला परवानगी दिली, अर्थात पैसे भरून. १७३० मध्ये सॅक्सनीचा राज्यकर्ता ऑगस्ट द स्ट्राँग याने सैन्याच्या मोठ्या कवायतीच्या वेळी १.८ टनांचा श्टोलन भाजून घेतला, त्यासाठी खास भट्टी बांधली. आता त्याची आठवण म्हणून दुसऱ्या ॲडव्हेंट रविवारच्या आदल्या शनिवारी अवाढव्य श्टोलन मिरवत आणतात आणि पुरुषभर लांब सुऱ्याने कापून विकतात. यंदा तो शनिवार ५ डिसेंबरला येतो.
खरा ड्रेस्डेनचा श्टोलन घ्यायचा तर सोनेरी सील बघा, ते फक्त ड्रेस्डेन आणि आसपासच्या बेकऱ्यांना मिळतं. नाताळपर्यंत ठेवला तरी चालतो, उलट मुरल्यावर जास्त चांगला लागतो.

तिरकस_कोन
पोपची परवानगी काढून केक खाणारे लोक. ठीक आहे, जातो परत. मंगळवारी.

मध्यमवर्गीय_मावशी
आम्ही गेल्या वर्षी न्यूरेंबर्गला होतो, लेक तिथे शिकते. उद्घाटन बघायला मिळालं म्हणून लिहिते. पहिल्या ॲडव्हेंटच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी असतं, म्हणजे यंदा २७ नोव्हेंबर. चौकात दिवे मालवतात, हजारो लोक उभे, आणि फ्राउएनकिर्खं चर्चच्या सज्जात एक मुलगी येते सोनेरी केसांचा टोप आणि पंखांसारख्या सोनेरी बाह्यांचा झगा घालून, ती म्हणजे क्रिस्टकिंड, या बाजाराची देवदूतासारखी प्रतिनिधी. ती वरून सगळं मनोगत पाठ म्हणते आणि मग बाजार सुरू. ही मुलगी दर दोन वर्षांनी निवडतात, वय १६ ते १९, उंची किमान एक मीटर साठ आणि अट अशी की उंचीची भीती वाटता कामा नये!
लेकीने सांगितलं, २०१९ ला निवडलेली बेनिग्ना मुन्सी, तिचे वडील मूळचे भारतातले. निवड झाल्यावर एका पक्षाच्या स्थानिक शाखेने तिच्याबद्दल फेसबुकवर वाईट लिहिलं, आणि मग अख्खं न्यूरेंबर्ग तिच्या बाजूने उभं राहिलं. लेकीला ती गोष्ट खूप आवडते, माझी मैत्रीण आहे असं सांगितल्यासारखी सांगते सगळ्यांना.
थंडीचं सांगते. डिसेंबरात शून्य ते पाच डिग्री धरा, रात्री शून्याच्या खाली. बर्फ पडेलच असं नाही हां, बहुतेक वेळा पाऊस आणि चिकचिक. रील्समधला बर्फ डोंगरात असतो. गारठा पायातून चढतो कारण आपण दगडी फरशीवर तासन् तास उभे असतो. ह्यांनी जाड जॅकेट आणलं आणि बूट साधे, रात्री पाय पाण्यात घालून बसले. जाड सोलचे बूट, लोकरीचे दोन जोड मोजे, कान झाकणारी टोपी, आत थर्मल. वरचं जॅकेट त्यामानाने दुय्यम. दर तासाला कुठल्यातरी दुकानात, चर्चमध्ये आत जाऊन दहा मिनिटं ऊब घ्यायची, सत्तरीच्या लोकांना तर नक्कीच.
अजून एक, सुट्टी नाणी ठेवा. टॉयलेटला ५० सेंट ते एक युरो लागतो आणि बऱ्याच टपऱ्या अजूनही कार्ड घेत नाहीत.

पावशेर_पर्यटक
मावशी खूप खूप धन्यवाद, बुटांचं लक्षात ठेवतो. सुरक्षेचं विचारायचं राहिलं. बायकोच्या भावाने काहीतरी बातम्या फॉरवर्ड केल्या आणि घरात वातावरण तंग आहे.

माई_स्टुटगार्टवाली
खोटं नाही सांगणार. २०१६ ला बर्लिनमध्ये ट्रक घातला गर्दीत, २०१८ ला स्ट्रासबुर्गला गोळीबार, २०२४ ला माग्देबुर्गला गाडी. लोकं गेली. त्यानंतर सगळीकडे काँक्रीटचे अडथळे, पोलीस, स्ट्रासबुर्गचा मध्यभाग बेट आहे तर पुलांवरच बॅगा तपासतात. हा खर्च इतका वाढलाय की काही छोट्या गावांनी बाजार लहान केले किंवा बंद केले, त्याचं वाईट वाटतं. पण लोक जातात. मीही दरवर्षी जाते, नातीला घेऊन जाते. मोठ्या बॅगा हॉटेलवर ठेवा, खिसे सांभाळा, गर्दीत पोराच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. बाकी भावाला ग्रुपवर म्यूट करा.

रेल्वेप्रेमी_२
ट्रेन विरुद्ध गाडी: ट्रेन. शहरात पार्किंग मिळत नाही आणि वाईनच्या धाग्यावर गाडी कसली चालवताय.
न्यूरेंबर्गला चार-पाच रात्री मुक्काम ठोका. बायर्न-टिकेट म्हणून मिळतं, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत दिवसभर बायर्न म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या सगळ्या रिजनल गाड्या (आठवड्याच्या दिवशी सकाळी ९ नंतर, वेगवान आयसीई चालत नाही). त्यावर बाम्बेर्ग, रेगेन्सबुर्ग, रोथेनबुर्ग सगळं होतं. रोथेनबुर्ग तटबंदीच्या आतलं जुनं गाव, तिथला बाजार छोटा आणि सुंदर, आणि वर्षभर उघडं असणारं नाताळच्या सजावटीचं भलंमोठं दुकान आहे, बायको तिथे हरवेल, वेळ ठेवा. रेगेन्सबुर्गमध्ये राजवाड्याच्या आवारातला बाजार तिकीट लावून असतो, पण हस्तकला सगळ्यात चांगली तिथेच.
ड्रेस्डेन ते प्राग ट्रेन अडीच तासांच्या आसपास, एल्ब नदीच्या काठाकाठाने जाते, खिडकीची जागा धरा, ड्रेस्डेनहून जाताना डावीकडे नदी.
स्ट्रासबुर्ग करायचंच असेल तर हॉटेलचे भाव डिसेंबरात डोळे पांढरे करतात. नदीपलीकडे जर्मनीतल्या केलमध्ये राहा, तिथून ट्राम थेट स्ट्रासबुर्गात जाते.

गुरुजी_ऑनलाईन
व्हिसा: ज्या देशात जास्त रात्री, त्याच्याकडे अर्ज. प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वयाला ४५. विमा किमान ३०,००० युरो कव्हरचा लागतोच, सत्तरीच्या लोकांचा प्रीमियम वेगळा असतो तो आत्ताच विचारून ठेवा. अपॉइंटमेंट ऑक्टोबर-नोव्हेंबरात मिळणं अवघड जातं.

पावशेर_पर्यटक
मंडळी, शाळेत जाऊन आलो. युनिट टेस्ट ११ ला संपतात, १४ ते २३ गॅदरिंगच्या तालमी आणि स्पोर्ट्स डे. मुलगा गॅदरिंगमध्ये झाड आहे. बाईंशी बोललो, त्या म्हणाल्या झाड बदलता येईल :)
तर नवीन प्लॅन: १२ ला रात्री निघून १३ ला म्युनिक, तिथून लगेच न्यूरेंबर्ग, १७ पर्यंत तिथेच, एक दिवस रोथेनबुर्ग, एक दिवस रेगेन्सबुर्ग. १७ ला ड्रेस्डेन, गाडी भाड्याने घेऊन १८ ला झायफेन. २० ला प्राग, २३ ला प्रागहून परत. स्ट्रासबुर्ग आणि व्हिएन्ना दोन्ही सोडले. बायको व्हिएन्नासाठी थोडी नाराज आहे पण सासरे म्हणाले शहरं मोजायला जात नाही आपण.

माई_स्टुटगार्टवाली
आता कसं! १३ तिसरा ॲडव्हेंट रविवार आहे, न्यूरेंबर्गला प्रचंड गर्दी, त्या दिवशी हॉटेलवर झोप काढा आणि सोमवारी बाहेर पडा. १८ शुक्रवार, झायफेनला सकाळी लवकर निघा, वीकेंडची गर्दी दुपारपासून. प्रागला २० ते २३ या दिवसांत रस्त्यारस्त्यावर पाण्याच्या मोठ्या टबांत जिवंत कार्प मासे विकायला असतात, तो त्यांचा नाताळचा मासा, समोरच कापून देतात. पोराला मजा येईल, सासूबाईंना दुसऱ्या गल्लीने न्या.

खवय्या_पण_शाकाहारी
आजींसाठी भाकरी-चटणी, थेपले, मेतकूट न्याल ना सोबत? बाहेरून युरोपियन युनियनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, श्रीखंडाच्या वड्या, तूप काही नाही. बाकरवडी, चिवडा, तेलातली चकली चालेल.

पावशेर_पर्यटक
तूपसुद्धा नाही? सासूबाईंनी आत्तापासून बेसनाचे लाडू ठरवलेत.

खवय्या_पण_शाकाहारी
तूपसुद्धा नाही. विमानात संपवा.